नाक मोकळं आहे का?

शनिवारी सकाळी पावणेआठला माझा फोन वाजतो. सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला फोन करणाऱ्या माणसाने एकतर कुणाच्या तरी निधनाची बातमी द्यावी, नाहीतर निदान माफी मागावी. खांबेटे काका यांतलं काहीच करत नाहीत. 'हॅलो' नाही, 'झोपली होतीस का?' नाही. सरळ विचारतात, "मेघना, नाक मोकळं आहे का?"

नवरा कूस बदलून म्हणतो, "सर्दी झालीय म्हणून सांग."

तेही मी एकदा करून पाहिलं. दहा मिनिटांत काका दारात हजर, बगलेत वाफ घ्यायचं यंत्र. "वीस मिनिटं घे. मी थांबतो," म्हणाले आणि सोफ्यावर बसून खरोखरच घड्याळाकडे बघत थांबले. त्यानंतर मी खोटं बोलणं सोडलं. सत्याचे प्रयोग माणूस थकल्यावरच करतो.

खांबेटे काका टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात. वय एकोणसत्तर. तेहतीस वर्षं रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर. आमच्याकडचे निवृत्त इंजिनिअर साधारणपणे गोल्फ, शेअर बाजार किंवा देवळाची कमिटी यांपैकी एका रोगाने आजारी पडतात. काकांना चौथाच जडला. ते गॅरेजमध्ये इटालियन पद्धतीची गोड, लाल व्हरमूथ बनवतात. बनवतात म्हणजे फक्त बनवतात. आयुष्यात त्यांनी दारूचा घोट गिळलेला नाही. कुणी विचारलं तर छाती काढून सांगतात, "मी घेत नाही. मी करतो."

खांबेटे काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "ह्यांना उतारवयात दारूचं वेड लागलं, तेही न पिता. प्यायले असते तर निदान दुपारी झोपले तरी असते."

गॅरेजला काका 'प्लांट' म्हणतात. तिथे जाताना पांढरा कोट आणि सेफ्टी गॉगल घालतात. आत बरण्यांची रांग, प्रत्येकीवर त्यांच्या कोरीव अक्षरात चिठ्ठी: 'कडू १', 'कडू २', 'साली', 'मसाले'. मधोमध टेबलावर जाड हिरवी नोंदवही आणि शाईचं पेन. भिंतीवर इटलीचा नकाशा आहे, त्यात तुरीन या व्हरमूथच्या जन्मगावाभोवती लाल वर्तुळ काढलेलं आहे. काका तुरीनला कधी गेलेले नाहीत. पण त्या गावाबद्दल ते असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, खांबेट्यांची मूळची चार घरं तिथलीच.

इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्यांनी एकदा या विषयावर व्याख्यान दिलं. बेचाळीस स्लाइड्स. पहिल्याच स्लाइडवर प्रश्न: 'लाल व्हरमूथ लाल कशामुळे?' समोरच्या रांगेतून आवाज आला, "रेड वाइनमुळे." काका या उत्तराची जणू वर्षभर वाट बघत होते. "चूक! वाइन पांढरीच असते. साधी, बेचव, जिला स्वतःचं मत नाही अशी पांढरी वाइन. लाली येते जाळलेल्या साखरेची." मग त्यांनी सांगितलं की त्या पांढऱ्या वाइनमध्ये कडक स्पिरिट घालून तिला जरा ताकद देतात. स्पिरिटमध्ये आधी झाडपाला भिजवलेला असतो. कडवट दवण्याच्या जातीची एक वनस्पती, जिच्यावरून दारूला नाव पडलं. जेन्शन नावाचं कडूजहर मूळ. संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, धने, व्हॅनिला. प्रत्येकाला भिजायला वेगळा वेळ, कारण लवंग लवकर बोलते आणि मुळं उशिरा. मग साखर, मग करपवलेली साखर, मग काही आठवडे विश्रांती, मग गाळणं. "आणि हे सगळं जेवणाच्या आधी, भूक लागावी म्हणून!"

चाळीस मिनिटं दारूवर बोलून त्यांनी एक थेंब दिला नाही. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे काढाच की हो?" काका दुखावले. आजोबांचं चुकलं नव्हतं.

कारण काकांनी इटलीला परस्पर कोकणात आणलं होतं. जेन्शन महाग पडतं म्हणून त्यांनी काडेचिराईत घेतलं. "एकाच कुळातलं आहे, पुस्तकात बघ." आम्हाला लहानपणी नाक दाबून पाजलेलं, तेच ते. इटालियन वनस्पतीच्या जोडीला त्यांनी आपला दवणा घातला, कोल्हापूरहून बॅगेत भरून आणलेला. एअरपोर्टवरच्या अधिकाऱ्याने पिशवी उचलून विचारलं, हे काय? काकांनी त्याला दवण्याचं कूळ, उपयोग आणि देवाला वाहण्याची पद्धत, सगळं सांगितलं. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या मते त्या अधिकाऱ्याने दवणा सोडला नाही, स्वतःची सुटका करून घेतली.

व्हरमूथ गाळायला श्रीखंडाचा चक्का टांगायचं फडकं. सातवी बॅच जुलैत गॅरेजमध्ये ठेवली. टेक्ससच्या जुलैत गॅरेजमध्ये ठेवलेली कुठलीही गोष्ट शिजते, तशी ती शिजली. अकराव्या बॅचला रंग मनासारखा येईना म्हणून काकांनी कोकमं घातली. रंग अप्रतिम आला. पण ती गणपतीच्या दिवशी काकूंच्या फ्रिजमध्ये कोकम सरबताच्या जगाशेजारी तशाच जगात ठेवलेली होती, आणि कुणीतरी चुकीचा जग बाहेर काढला. त्या वर्षी आरती नेहमीपेक्षा बऱ्याच द्रुत लयीत झाली आणि मंत्रपुष्पांजली दोनदा. तेव्हापासून काकू सरबताच्या जगाच्या मानेला हिरवं रबरबँड लावतात. या घरात रबरबँड म्हणजे निर्धोक.

आता प्रश्न असा, की या सगळ्यात माझ्या नाकाचा संबंध काय? चूक माझीच. तीन वर्षांपूर्वी एका पॉटलकला मी काकूंची आमटी वाढून घेताना म्हणाले, "काकू, दालचिनी जुनी होती का?" काका ताट घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तुला कसं कळलं?" पुढच्या शनिवारी पहिला फोन आला.

वास घेणं हे काम सोपं वाटतं. काकांच्या हाताखाली करून पाहा. पेला नाकाशी धरायचा, आणि "छान" म्हटलं की काका पेन खाली ठेवतात. "छान हा वास नाही. नेमकं सांग."

"गोडसर आहे."

"ते जिभेचं झालं. नाकाचं सांग."

मी काउंटीच्या लायब्ररीत काम करते. माझ्यापाशी सकाळी पावणेआठला वासांचा शब्दकोश नसतो. मग चिडून जे तोंडाला येईल ते मी सांगत असे. ओल्या गोणपाटासारखा. वह्यांना घालायच्या खाकी कव्हरासारखा. डेंटिस्टच्या बाकड्यासारखा. एकदा तर वैतागून म्हणाले, "रुसलेल्या आत्याबाईंच्या ट्रंकेसारखा." काका हसले नाहीत. "आत्याबाईंच्या... ट्रंकेसारखा," असं म्हणत त्यांनी ते शब्दशः नोंदवहीत उतरवलं आणि विचारलं, "आधी येतो की मागून?"

मी विचारायची, "तुम्ही स्वतः का नाही घेत वास?"

"करणाऱ्याने परीक्षा करू नये. क्वालिटी कंट्रोल वेगळा लागतो." तेहतीस वर्षं रिफायनरीत काढलेला माणूस. मी पुढचा पेला उचलायची.

हा खटाटोप कशासाठी होता, ते मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकांची मुलगी ईशानी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून शिकागोला गेली आणि एका बारमध्ये काम करू लागली. आता तोच बार ती चालवते. ती गेली तेव्हा काका म्हणाले होते, "लोकांचे पेले भरायला तुला शिकवलं का?" त्यानंतर तीन-चार वर्षं बापलेकीत फक्त दिवाळी आणि वाढदिवस. मग एका वाढदिवसाच्या फोनवर, दोन वाक्यांनंतर बोलायचं संपलं तेव्हा काकांनी नाइलाजाने विचारलं, "आज काय केलंस कामावर?" ती म्हणाली, "व्हरमूथ टेस्टिंग." काका म्हणाले, "म्हणजे काय असतं?" फोन पन्नास मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली बरणी आणली. तेव्हापासून दर रविवारी फोन, विषय एकच. या दोघांना जोडणारा दुसरा पूल नाही. मधे एक काडेचिराइताची काडी आहे, तिच्यावरून दोघंही जपून चालतात.

आणि या ऑक्टोबरात बातमी आली. सहा वर्षांनी ईशानी थँक्सगिव्हिंगला घरी येणार, बाबांची व्हरमूथ चाखणार. काकांनी एकोणिसावी बॅच सुरू केली. फोन शनिवारचे होते, ते मंगळवारी आणि गुरुवारीही येऊ लागले. नवऱ्याने उशीखाली डोकं घालून झोपायची कला साध्य केली.

अशाच एका शनिवारी मी फोनची वाट न बघताच निघाले, म्हटलं एकदाचं उरकून टाकावं. त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशीच करपलेल्या साखरेचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. गॅरेजमधला पंखा सगळा धूर बाहेर फेकत होता. आत शेगडीवर पातेलं काळं ठिक्कर पडून धुमसत होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून पांढऱ्या कोटातले काका शांतपणे नोंदवहीत लिहीत होते.

मी धावत जाऊन शेगडी बंद केली. "काका! जळतंय!"

ते वळले. आधी थर्मामीटरकडे पाहिलं. "छे, एकशे चाळीसच तर आहे." थर्मामीटर एकशे चाळीसवर मरून पडला होता. मग त्यांनी पातेलं पाहिलं.

"काका, तीन घरांवर वास गेलाय. तुम्हाला आला नाही?"

त्यांनी गॉगल काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मी इतकी वर्षं विचारत आलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तेव्हा मला दिसलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कोविड झाला तेव्हापासून. गेला तो आलाच नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. गोड आणि कडू तेवढं कळतं. जिभेवर ठेवून थुंकतो, त्याला घेतली म्हणत नाहीत."

"म्हणजे पहिली बॅच केलीत तेव्हाही..."

"हो."

"एकोणीस बॅचेस? तुम्ही एकदाही...?"

"एकदाही नाही." मग इंजिनिअरच्या सुरात म्हणाले, "डोळे आहेत, आकडे आहेत. आणि तू आहेस."

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते: आधी राग आला. तीन वर्षांच्या शनिवारांचा एकदम आला. नाक नसलेला माणूस वासाच्या दारूपायी माझ्या झोपेचं खोबरं करतो! "मग ईशानीला सांगून टाका ना," मी म्हणाले. "ती काय रागावणार आहे?"

"तिला नाही सांगायचं." काका पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. मग पातेल्यातला कोळसा चमच्याने खरवडत राहिले. "लहान असताना आम्ही खेळायचो. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि मिसळणाच्या डब्यातलं एकेक नाकाशी धरायचं. मी हरायचो नाही. सात वर्षांची झाली तेव्हा तिने मला हरवलं. माझ्याकडून तिने दुसरं काही घेतलं नाही, मेघना. तिचा बार त्याच नाकावर चाललाय. रविवारी ती मला विचारते, बाबा, तुला काय वाटतं? मी तुझं वाचून दाखवतो. माझंच गेलंय कळलं, तर ती विचारेल कशाला?"

मी पातेलं घासायला घेतलं.

थँक्सगिव्हिंगला दुपारी तीनला आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो. टर्कीच्या जागी भरली वांगी होती. ईशानी काकांसारखीच उंच, केस बारीक कापलेले, मनगटावर कसल्याशा पानाचं टॅटू. "हाय मेघना ताई," म्हणाली आणि लगेच, "यू स्मेल लाइक लायब्ररी." मी चपापले. हे नाक घरातलंच, यात शंका नव्हती.

काकांनी एकोणिसावी बॅच आणली. तिने पेला फिरवला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. काकूंनी वाढता वाढता डाव हवेत धरला. काकांचा हात नोंदवहीवर होता. जरा वेळाने तिने एक डोळा उघडला.

"बाबा, तू आधी सांग. तुला काय येतंय?"

काकांनी पेला उचलला, अर्धा सेकंद नाकाखाली धरला, आणि सुरुवात केली. "आधी संत्र्याची साल. ताजी नाही, उन्हात वाळलेली. मग खाकी कव्हरासारखं कोरडं काहीतरी. आणि मागून, अगदी मागून, रुसलेल्या आत्याबाईंच्या ट्रंकेसारखं."

नवऱ्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. ईशानी हसली नाही. ती बाबांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते नोंदवहीच्या पानावरून खाली सरकत होते.

"हं," ती म्हणाली. "थांब, मी शिकागोहून एक आणलीय. कंपेअर कर." आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मी बसले होते तिथून फ्रिज दिसत होता. तिने जग काढला. त्याच्या मानेला हिरवं रबरबँड होतं. आईने फोनवर तो आरतीचा किस्सा तिला नक्कीच सांगितला असणार. काकूंनीही पाहिलं. त्यांनी माझ्या पानात मी न मागितलेला भात वाढला.

ईशानीने काकांसमोर कोकम सरबताचा पेला ठेवला. रंग हुबेहूब.

काकांनी तो नाकाखाली धरला. या वेळी जरा जास्त वेळ धरला, मुलीने आणलेली म्हणून. "अहाहा," ते म्हणाले. "ही वरच्या दर्जाची. संत्र्याची साल आहेच. पण कडू कसं, अदबीनं मागे उभं आहे. तुरीनची वाटते."

भाताचा घास माझ्या तोंडातच राहिला. मला वाटलं, झालं. एकोणीस बॅचेस आणि तीन वर्षांचे रविवार आता या टेबलावर फुटणार.

ईशानीने त्यांच्या हातातला पेला घेतला. "येस, बाबा," ती म्हणाली. "संत्र्याची साल. करेक्ट." आणि ते सरबत एका दमात पिऊन टाकलं. मग एकोणिसावीचा पेला पुन्हा ओढून तिने त्यात नाक खुपसलं. "तुझ्यात लवंग जास्त झालीय. लिही."

काकांनी पेन उघडलं. "किती जास्त? नेमकं सांग."

"डेंटिस्टच्या ड्रॉवरसारखी. दवणा इज ब्युटिफुल, त्याला हात लावू नको. आणि खाली अजून एक आहे..." ती थांबली. "तुझा शर्ट. रिफायनरीच्या प्लांटवरून यायचास ना, गाडीतून उतरल्यावर तुझ्या शर्टाला यायचा तो. थोडा सल्फर, थोडं जळकं."

"तो घाण वास होता," काका म्हणाले. "तुझी आई मला दारातच थांबवायची."

"आय नो. मी दारात येऊन बसायचे. लिही."

काकांनी लिहायला जरा वेळ लावला. अक्षर कोरीव असलं की लागतो.

जेवणानंतर ईशानी आणि काकू अंगणात गेल्या, नवरा पेंगला, आणि मी काकांबरोबर भांडी विसळायला उभी राहिले. प्रत्येक पेला धुऊन झाला का, ते उजेडाला धरून बघायची त्यांची सवय आहे. ईशानीने एका दमात रिकामा केलेला तो पेला मी अजून विसळला नव्हता. त्यांनी उचलला आणि सवयीने खिडकीकडे धरला. तळाशी लाल थेंब होता आणि त्यात भाजलेल्या जिऱ्याचे चार कण चिकटले होते.

काका ते बराच वेळ बघत राहिले. खिडकीबाहेर ईशानी आईच्या कुंडीतलं एक पान चुरून हुंगत होती.

मग त्यांनी मला नेहमीच्या आवाजात विचारलं, "ती शिकागोची. वास कसा होता गं तिचा?"

मी नळ बंद केला. पहिल्यांदाच माझ्यापाशी एकही उपमा नव्हती.

"छान होता, काका."

त्यांनी पेला विसळला, पुसला, पालथा ठेवला. नोंदवही जवळ ओढली, एकोणिसाव्या बॅचच्या खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं, 'शिकागो: छान.'